मूळ दस्ता कुठे आहे?

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी एक सद्गृहस्थ आले होते. राजापूर तालुक्यातल्या आमच्या आडगावी पुण्याहून मोटार घेऊन कोणी मुद्दाम यावे असे तिथे काही नाही. ना पाहण्याजोगे देऊळ, ना समुद्र. ते आले होते आमची बंदूक पाहायला. जुन्या विलायती दुनळ्यांचा त्यांना नाद आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. त्यांतली एक जागा त्यांनी आमच्या बंदुकीसाठी मोकळी ठेवली होती, असे त्यांनी आल्याआल्या सांगितले.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कपाटातून बंदूक काढली, मोडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून रिकाम्या असल्याची खात्री केली आणि पाहुण्यांच्या हातात दिली. पाहुण्यांनी नळ्यांच्या पोटाखालचे बर्मिंगहॅमचे शिक्के भिंगातून वाचले. त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी बंदूक फिरवली, खांद्याला लावायच्या लाकडी दस्त्याकडे पाहिले, आणि तो खुललेला चेहरा असा पडला की मला वाटले, ह्यांना काही चावले की काय.

"मूळ दस्ता कुठे आहे?" त्यांनी विचारले.

अण्णा म्हणाले, "नाही."

"अरेरे! कुणी गावठी सुताराने बंदुकीची पार वाट लावली हो! मूळ स्थितीत असती तर मी दुप्पट दिले असते."

त्यांनी सांगितलेला निम्मा आकडाही आमच्या ओटीचे छप्पर नवे करायला पुरला असता. अण्णांनी काहीच उत्तर न देता बंदूक कपाटात ठेवली आणि चहा सांगितला. पाहुण्याला ओटीवर बसवून उलट बोलू नये, अशी आमच्याकडची रीत आहे. ती मीही पाळली. परंतु दिवाळी अंकात उत्तर द्यायला ती रीत आड येत नसावी. शिवाय भांडण केवळ त्या गृहस्थांशी नाही. ही हकीगत मी माझ्या चार साहित्यिक मित्रांना सांगितली तेव्हा चौघांनीही त्यांचीच बाजू घेतली. "खरे आहे, मूळ वस्तूला हात लावायला नको होता," असे ते म्हणाले. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. सवड मिळेल तेव्हा कादंबऱ्या लिहितो. शस्त्रविद्येत मला गती नाही. पण ही एक बंदूक दहाव्या वर्षापासून मी पुसत आलो आहे, आणि तिच्यापुरते मला बोलता येते.

आता त्या गावठी सुताराने काय केले ते ऐका.

माझ्या आजोबांना लहानपणी देवी आल्या आणि त्यांत त्यांचा उजवा डोळा गेला. त्यांच्याकडे ठासणीची एक बंदूक होती. भात पिकू लागले की माळ्यावर बसून तिचे बार काढायचे, एवढेच तिचे काम. १९४९ साली विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी मुंबईत ही दुनळी घेतली. बारा बोअरची, घोडे आत दडलेली. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या अॅन्सन आणि डीली ह्या दोघांनी काढलेल्या रचनेची. पहिल्या हंगामात आजोबांनी वीस काडतुसे उडवली आणि डुकराचे शेपूटसुद्धा हाती लागले नाही. साहेबाने आपल्याला फसवले, अशी त्यांची खात्री झाली.

आमच्या सुताराने बंदूक मागून घेतली. नळ्यांच्या मधल्या पट्टीवरून त्याने दस्त्याच्या टोकापर्यंत सूत धरले आणि सांगितले, "बंदूक सरळ हाय, पन ती उजव्या मानसाची हाय." तो दस्ता सुताच्या उजवीकडे किंचित कललेला होता. उजव्या खांद्यावरून, उजव्या डोळ्याने नेम धरणाऱ्या माणसासाठी तो मुद्दाम तसा घडवलेला होता. आजोबा बंदूक डाव्या खांद्याला लावत. म्हणजे जो कल साहेबाला साधक होता तोच आजोबांना बाधक होता.

मग सुताराने माप घेतले. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून त्याने आजोबांना डोळा मिटून ती खांद्याला लावायला सांगितली, आणि स्वतः समोर उभे राहून डोळा उघडायला सांगितले. डोळा पट्टीच्या मध्यावर येतो की बाजूला, किती वर, किती खाली, हे त्याने पाहिले. असे त्याने तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी केले. सकाळचा माणूस आणि दमून आलेला माणूस बंदूक सारखी धरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. पडक्या वाड्याच्या तुळईतला शिसवीचा तुकडा त्याने निवडला. मुठीच्या बारीक जागेतून रेषा सरळ जावी अशा बेताने तो कापला. तिथे रेषा आडवी गेली तर धक्क्याने दस्ता मोडतो. मग समईच्या ज्योतीवर लोखंडाला काजळी धरायची, ते लाकडात बसवायचे, काढायचे, आणि जिथे काळे उमटले तेवढाच कण पटाशीने उडवायचा. असे किती वेळा केले ह्याची मोजदाद नाही. पंधरा दिवस तो दुसऱ्या कामाला गेला नाही. शेवटी वाण्याच्या तराजूत एका पारड्यात जुना दस्ता आणि दुसऱ्यात नवा ठेवला. शिसव जड, म्हणून नव्याच्या मागच्या टोकातून आतले लाकूड कोरून काढले आणि काटा मधोमध आणला.

पुढल्या हंगामात आजोबांनी साहेबाला मनातल्या मनात माफ केले.

आमच्या पाहुण्यांनी ज्याला 'वाट लावणे' म्हटले ते हे. ह्यात वाट नेमकी कशाची लागली?

रायफलीला नळीवर पुढे एक खूण असते आणि मागे एक. दोन्ही एका रेषेत आणल्या की नेम धरला जातो. दुनळीला पुढे तेवढी एक माशी असते. मागे काही नसते. उडत्या पाखरावर किंवा पळत्या जनावरावर खुणा जुळवीत बसायला वेळ नसतो. मागची खूण म्हणजे माणसाचा डोळा. तो डोळा कुठे येणार हे गाल ठरवतो, गाल कुठे टेकणार हे दस्ता ठरवतो. म्हणजे दस्ता हा बंदुकीचा दांडा नव्हे, तो बंदुकीचा नेम आहे. मी शाळेत समरूप त्रिकोण शिकवतो, तेव्हा हिशेबच मांडून दाखवतो. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर सुमारे एक यार्ड. डोळा पाव इंच बाजूला पडला, तर ४० यार्डांवर छर्ऱ्यांचा घोळका दहा इंच बाजूला जाईल. पाव इंच म्हणजे करंगळीच्या जाडीहूनही कमी. तेवढ्यात सावज वाचते, किंवा त्याहून वाईट म्हणजे जखमी होऊन निसटते.

आता ज्या विलायतेच्या नावाने पाहुण्यांनी उसासा टाकला तिथे काय चालते ते पाहू. लंडनला १८१४ सालापासून चालत आलेली पर्डी नावाची पेढी आहे. तिथली बंदूक दुकानात टांगलेली नसते. मागणी नोंदवावी लागते. आधी माणसाचे माप घेतात. त्यासाठी सांधे हलणाऱ्या दस्त्याची एक मापाची बंदूक असते. लांबी, उतार, बाजूचा कल हे सारे किल्लीने कमीजास्त करीत, माणसाचा डोळा पट्टीवर येईपर्यंत ती जुळवतात. माप घेणारा रिकाम्या बंदुकीच्या तोंडाकडून गिऱ्हाइकाचा डोळा पाहतो. आमचा सुतार उभा राहिला तसाच. मग नळ्यांचा कारागीर निराळा, कळ बसवणारा निराळा, दस्त्याचा निराळा, नक्षीचा निराळा, शेवटचा हात फिरवणारा निराळा. दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवून चिकटवल्या म्हणजे काम झाले असे नाही. त्या तोंडाकडे किंचित जवळ आणाव्या लागतात, तेव्हा कुठे दोन्ही बार एकाच जागी लागतात. चुना लावलेल्या लोखंडी पत्र्यावर बार काढून, ४० यार्डांवरच्या ३० इंची वर्तुळात किती छर्रे पडले ते मोजतात. दस्ता बसवताना तेलाच्या दिव्याची काजळी धरतात. समई नसेल तिथे, एवढाच फरक. अक्रोडाच्या लाकडाला जवसाचे तेल तळहाताने दिवसचे दिवस चोळतात. त्या तेलाला जुने कारागीर लाल रंग आणीत तो आपल्या रतनजोतीच्या जातीच्या एका मुळीने. बंदूक हाती यायला दीड-दोन वर्षे सहज जातात आणि आज तिची किंमत एक लाख पौंडांच्या वर आहे.

वजनाचेही तसेच. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर ह्या बंदूककाराने नियम सांगितला आहे की बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावे. एक औंस आणि वर सोळावा हिस्सा छर्रे घेतले तर बंदूक सहा पौंड सहा औंसांची भरते. तीन किलोंना थोडी कमी. त्याहून हलकी असली तर खांदा सोलते, जड असली तर हात भरून येतो. आमच्या सुताराने ग्रीनर वाचला नव्हता. पण वाण्याचा तराजू त्याला कशासाठी आठवला असेल?

तेव्हा माझा पहिला मुद्दा असा: एक लाख पौंड देऊन लंडनचे गिऱ्हाईक जे विकत घेते, तेच आमच्या आजोबांना सुताराने घडवून दिले. नळ्यांचे पोलाद बर्मिंगहॅमचे होते, ते चांगलेच होते. त्याला कोणी हात लावला नाही. परंतु साहेबाच्या खांद्यासाठी बनलेली ती वस्तू आजोबांच्या हातात केवळ एक जड, महाग आणि मोठा आवाज करणारी काठी होती. तिची बंदूक झाली ती सुताराच्या पडवीत.

माझे मित्र ह्यावर म्हणतात, "ते उपयोगाचे झाले. पण वस्तूला स्वतःचे असे एक मूळ रूप असते की नाही?" असते. मात्र हे मूळ रूप कोणाचे असते हे तरी पाहा! मापाच्या बंदुकीचे मूळ रूप म्हणजे कोण्या एका माणसाची मान, गाल, हाताची लांबी आणि डोळा. तो माणूस वारल्यावर संग्राहक त्या मापाची बंदूक घेतो आणि मखमलीत निजवतो. म्हणजे जे माप त्याचे नाही, त्याच्या मुलाचे नाही, जगात आता कोणाचेच नाही, ते तो जपतो आणि त्याला शुद्धता म्हणतो. ज्यांनी ही कला वाढवली त्यांच्या मनात असली भीड मुळीच नाही. गिऱ्हाईक लठ्ठ झाले, मान आखडली, की तेच कारागीर दस्ता तापवून वाकवून देतात. हात लांब असला तर टोकाला लाकूड जोडून देतात. बंदूक माणसामागून चालते, हे त्यांना ठाऊक असते. मूळ स्थितीची पूजा कारखान्यात होत नाही, लिलावात होते.

आणि वस्तू घडवून झाली की घडण संपली, हेही खरे नाही. आजोबांनी ही बंदूक ४२ वर्षे वापरली. सुरुवातीच्या काळात काडतुसे कागदी नळकांड्यांची असत. कोकणातल्या पावसाळी हवेत ती फुगत आणि नळीत अडकून बसत. म्हणून आजोबा ती चुलीवरच्या फळीवर, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवीत. बंदूक मोडण्याची वरची चावी उजवीकडे ढकलावी लागते. ती उजव्या माणसाच्या अंगठ्याची सोय. डाव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्या आजोबांनी ती तर्जनीने ओढायची युक्ती बसवली, आणि त्या जागी चावीवरची नक्षी पुसली गेली आहे. मुठीवरच्या चौकड्या तळहाताने गुळगुळीत झाल्या आहेत. गाल टेकतो तिथे शिसव काळीभोर झाली आहे. पाहुण्यांनी हे सारे 'झीज' म्हणून वहीत टिपले. मी त्याला उरलेले कारागिरीचे काम म्हणतो. सुताराने पंधरा दिवसांत जे आरंभले ते आजोबांनी ४२ वर्षांत पुरे केले. मापाची वस्तू करून घेणे हा पैशाचा प्रश्न आहे. ती मापाची ठेवणे हा आयुष्याचा आहे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. हे सगळे कौतुक शेवटी जीव घेण्याच्या यंत्राचे नव्हे काय? होय, आहे. चांगली घडण म्हणजे चांगली करणी नव्हे, हे मी मान्य करतो, आणि त्याचा दाखलाही मीच देतो.

लॉर्ड लिटनने १८७८ साली ह्या देशाला दोन कायदे दिले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने परवान्यावाचून हत्यार बाळगायची बंदी केली. त्याच्यामागून आलेला लॉर्ड रिपन उदार होता. त्याने १८८२ साली पहिला कायदा रद्द केला. आपण लेखकमंडळी त्याचे गुण गातो, कारण आपली लेखणी आपल्याला परत मिळाली. दुसरा कायदा त्याने तसाच ठेवला. शेतकऱ्याची बंदूक सरकारच्या मर्जीवर राहिली. आता गंमत पाहा. ह्याच रिपनचा मुलगा, दुसरा मार्क्विस, हा इंग्लंडातला अव्वल नेमबाज. त्याच्या हातात पर्डीच्या मापाच्या तीन दुनळ्या असत आणि भरून द्यायला दोन नोकर. आयुष्यभरात त्याने मारलेल्या शिकारीचा आकडा पाच लाखांहून अधिक आहे, आणि १९२३ साली तो मेला तोही माळरानावर, शिकार करता करता. मारायला सोडण्यासाठीच पाळलेली पाखरे हजारांनी पाडायला इतकी नाजूक कारागिरी राबली. ही थोरवी मला नको. त्या बंदुका अप्रतिम होत्या आणि त्यांचा उपयोग ओंगळ होता. दोन्ही विधाने एका वेळी खरी आहेत.

आमच्या बंदुकीचे आयुष्य निराळे गेले. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला तेव्हा आजोबा कुरकुरले, पण त्यांनी तो पाळला. तेव्हापासून तिचे बहुतेक बार आभाळात गेले आहेत. भातावर उतरलेली डुकरे आणि माडावरची वानरे आवाजाने पळवायला. रीतसर परवानगी मिळाली तेव्हाच ती रोखली गेली, आणि असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रात्रभर डुकरांनी लोळून नासवलेले शेत ज्याने सकाळी पाहिले नाही, त्याने आम्हांला अहिंसा शिकवू नये. आणि ज्याला बार काढल्यावर हात धुवावेसे वाटत नाहीत, त्याने बंदूक बाळगू नये. आजोबा धूत असत. पण जेव्हा रोखायची तेव्हा ती नेमकीच रोखली गेली पाहिजे. जनावर लंगडत रानात जाऊन चार दिवसांनी मरणे ह्यासारखे पाप नाही. आणि नेमके रोखणे म्हणजे काय, ते वर त्रिकोणात सांगितलेच आहे. मापाचा दस्ता ही चैन नव्हे; बंदूक बाळगायचीच असेल तर ते तिच्यासोबत येणारे कर्तव्य आहे.

"मग आपल्याकडे अशा बंदुका का होत नाहीत?" असे पाहुणे चहा पिताना म्हणाले होते. आपल्या माणसांच्या हाताला ते वळण नाही, असा त्यांचा निष्कर्ष. हा निष्कर्ष शुद्ध अज्ञानाचा आहे. अठराव्या शतकात मीर कासिमने मुंगेरला राजधानी नेली, तिथे शस्त्रांचा कारखाना घातला, आणि तिथल्या कारागिरांची ती विद्या आजवर टिकून आहे. वळण होते, ते वापरायला वाव राहिला नाही. आज बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्याच कारागिराने करायची असते. शस्त्राच्या बाबतीत असा निर्बंध असावा हे मी समजू शकतो; आमच्या सुताराला आज ते काम कोणी उघडपणे करू देणार नाही, आणि देऊही नये. पण ज्यांना परवाने आहेत त्यांच्याकडे माप घेणारा माणूस आहे काय? मी एका शहरातल्या अशा दुकानात गेलो होतो. मालकाने कपाटातून एक तयार दस्ता काढला, माझ्याकडे न पाहता सांगितले, "हा सगळ्यांना बसतो. लांब झाला तर कापू, आखूड झाला तर रबर लावू." सगळ्यांना बसतो! जे सगळ्यांना बसते ते कोणालाच बसत नसते, हे शाळेत एकच पुस्तक साठ पोरांना शिकवून मला पुरते कळले आहे.

त्या दुकानात मी का गेलो होतो, हे सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आजोबा १९९१ साली गेले आणि परवाना अण्णांच्या नावावर आला. अण्णांचे दोन्ही डोळे चांगले, हात उजवा. परंतु ते लहानपणी आजोबांच्या शेजारी उभे राहून ह्याच बंदुकीवर शिकले, आणि ही बंदूक डाव्या खांद्याची. म्हणून अण्णाही जन्मभर डाव्या खांद्यावरूनच बार काढत आले. आजोबांचा गेलेला डोळा शिसवीच्या दस्त्यातून धडधाकट अण्णांच्या खांद्यावर उतरला. अण्णा आता ७६ वर्षांचे आहेत आणि त्यांचे हात कापतात. २०१६ च्या नियमांत अशी तरतूद आहे की परवानाधारकाचे वय ७० झाले, किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले, की ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. आमच्या बाबतीत दोन्ही अटी पुऱ्या झाल्या आहेत. तेव्हा आता पाळी माझी.

पाहुणे गेल्यावर, रात्री, मी बंदूक रिकामी असल्याचे दोनदा पाहून आरशासमोर उभा राहिलो आणि डोळे मिटून ती खांद्याला लावली. डोळे उघडले, आणि मला पट्टी दिसलीच नाही. दिसली नळीची डावी कड. मी उजवा. माझे हात आजोबांहून चांगले दोन इंच लांब. सुताराने जो कल आजोबांना दिला तो मला नेमका उलटा पडतो. पाव इंचाचा हिशेब मी मुलांना शिकवतो. इथे तर अर्ध्या इंचाहून अधिक चूक होती.

मग काय करावे? माझा पहिला विचार आला तो असा: आजोबांच्या दस्त्याला हात लावायचा नाही. बंदूक आहे तशी भिंतीवर लावावी, वापरू नये. आठवण म्हणून राहील. आणि तो विचार पुरा होण्याआधीच माझ्या ध्यानात आले की हे तर पुण्याच्या पाहुण्यांचे बोलणे! त्यांना बर्मिंगहॅमची मूळ स्थिती हवी होती, मला आजोबांची. त्यांची मखमल ती माझी भिंत. इतकी पाने मी ज्यांच्याशी भांडलो ते गृहस्थ माझ्याच घरात, माझ्याच सदऱ्यात उभे होते.

मी अण्णांना विचारले, "तुम्ही दस्ता का बदलला नाही?"

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबांचं माप होतं. हात लावायची भीड वाटली. पण ती भीड होती रे, शहाणपण नव्हे. चाळीस वर्षं मी वाकड्या मानेनं नेम धरला. तू बदल."

तेव्हा आता ठरले आहे. त्या सुताराचा नातू शहरात प्लायवूडची कपाटे करतो, पण त्याला पटाशी धरता येते आणि आजोबांच्या हातची काजळीची रीत त्याने पाहिलेली आहे. परवाना असलेल्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याने कबूल केले आहे की तो आपल्या दुकानात, आपल्या देखरेखीखाली नातवाला लाकूडकाम करू देईल; शिकायला मिळेल म्हणून त्याने स्वतःच आनंद दाखवला. लाकूड निवडून ठेवले आहे. परवान्याचे कागद पुरे होईपर्यंत ते आणखी वाळेल. जमा-खर्च पाहता ओटीचे छप्पर आणखी दोन पावसाळे थांबेल.

आजोबांचा दस्ता मी फेकणार नाही. मी दगड नाही. पण तो बंदुकीला जोडलेला राहणार नाही, एवढे मात्र खरे. आणि पन्नास वर्षांनी कोणी मोटार घेऊन आला आणि "अरेरे, सुताराचा तो मूळ शिसवी दस्ता कुठे आहे?" असे म्हणून त्याने उसासा टाकला, तर माझ्या मुलीने त्याला चहा द्यावा, उलट बोलू नये, आणि बंदूक आपल्या मापाची नसेल तर दुसऱ्या दिवशी सुताराला बोलवावे.

राहता राहिला पाहुण्यांचा प्रश्न. अण्णांनी त्याचे अर्धेच उत्तर दिले होते. तो विलायती अक्रोडाचा मूळ दस्ता आजीने गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावला होता. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला वाळवीने खाल्ले. बंदूक शाबूत आहे.